एकोणिसांची समिती

वर्गात मुलांच्या हाती कोणते खेळणे द्यावे आणि कोणते देऊ नये, एवढ्या एका प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी देशोदेशींच्या नव्हे, पण एका विस्तीर्ण देशातील नामवंत बालशिक्षिकांनी समिती नेमावी, त्या समितीने सुमारे दहा वर्षे खल करावा, आणि अखेर एकमत होत नाही असे दिसून येताच तीन निरनिराळी निवेदने एकाच ग्रंथात बांधून लोकांपुढे रुजू करावीत, ही गोष्ट आजच्या वाचकास काहीशी अतिरंजित वाटण्याचा संभव आहे. परंतु अमेरिकेत १९०३ ते १९१३ या कालखंडात ती प्रत्यक्ष घडली, आणि शैक्षणिक खेळांचे परीक्षण शिक्षकांनीच एकत्र बसून करावे या कल्पनेचा उगम शोधू जाता या प्रकरणाकडे वळावेच लागते.

वादाचे मूळ जर्मनीत होते. फ्रीडरिक फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी बालकांच्या क्रीडासाधनांचे कार्य आरंभिले आणि १८४० साली आपल्या संस्थेस ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याने सिद्ध केलेल्या साधनांना तो ‘देणग्या’ म्हणत असे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. तिसरीत दोन इंची घनाचे आठ समान तुकडे, म्हणजे एकेक इंचाचे आठ ठोकळे. चौथीत तितक्याच आकाराच्या घनाच्या आठ विटा. आणि पुढे क्रमाक्रमाने अधिक सूक्ष्म विभागणी. फ्रोबेलच्या मते अखिल विश्वातील एकता आणि विविधता यांचा साक्षात्कार बालकास या क्रमातूनच व्हावयाचा होता, आणि म्हणून क्रम मोडणे हे त्याच्या अनुयायांना जवळजवळ धर्मलोपासारखे वाटे. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या शाळांवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत उठली नाही, आणि दरम्यान फ्रोबेल निवर्तला. पण तोवर त्याच्या शिष्या परदेशी पोहोचू लागल्या होत्या.

अमेरिकेतील त्या काळच्या एका पाठाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. मुलांपुढील मेजाच्या फळीवर एकेक इंचाचे चौकोन आखलेले असत. शिक्षिकेच्या आज्ञेसरशी प्रत्येक मूल आपली पेटी चौकोनांवर उपडी ठेवी, झाकण हळूच बाजूस सरकवी, आणि पेटी सरळ वर उचली, म्हणजे आठ ठोकळ्यांचा अखंड घन समोर उभा राही. तेथून पुढे कोणता ठोकळा किती घरे सरकवावयाचा हे शिक्षिका सांगे. खुर्ची झाली की ती न मोडता, तिच्यातलेच ठोकळे हलवून पुढील आकृती करावयाची. एकही ठोकळा शिल्लक ठेवावयाचा नाही. आणि पाठ संपताच पुन्हा घन रचून पेटीत भरावयाचा. देवघरातील उपकरणी ज्या सोवळ्याने हाताळावीत त्या सोवळ्याने चार-पाच वर्षांची मुले लाकडाचे तुकडे हाताळीत. या शिस्तीत सौंदर्य नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण याच देणग्यांशी बालपणी खेळलेला फ्रँक लॉइड राइट पुढे वास्तुशास्त्रज्ञ झाल्यावर त्या मेपलच्या ठोकळ्यांचे ऋण मुक्तकंठाने मान्य करीत असे. परंतु त्यास खेळ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

या साधनांच्या प्रसारात व्यापाराचाही हात होता. स्प्रिंगफील्ड येथील छापखानदार मिल्टन ब्रॅडली, ज्याने १८६० साली जीवनयात्रेवरील एक सोंगट्यांचा खेळ काढून नाव मिळविले होते, तो बॉस्टनच्या एलिझाबेथ पीबॉडी यांच्या प्रभावाने देणग्यांच्या पेट्या बनवू लागला, आणि ठराविक मापाचे, ठराविक क्रमाचे साधन देशभर सर्वत्र एकसारखे पोहोचले. ब्रॅडलीची निष्ठा खरी होती. तथापि पेट्यांचा संच अखंड विकला जाण्यात कारखानदाराचे हित असते आणि त्यातील चार पेट्या निरुपयोगी आहेत असे ठरण्यात नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे परीक्षणाचे काम कोणी तरी निराळ्याने करणे किती अगत्याचे होते ते कळून येते.

ते काम प्रथम केंटकी प्रांतातील लुईव्हिल येथे सुरू झाले. ॲना ब्रायन आणि तिची शिष्या पॅटी स्मिथ हिल यांनी आपल्या शाळांत ठराविक पाठांना फाटा दिला आणि ठोकळ्यांचे मुले स्वतः काय करतात ते पाहण्यास आरंभ केला. ब्रायनने १८९० साली राष्ट्रीय शिक्षण परिषदेपुढे, अक्षरशः पाळलेली पद्धत मूळ तत्त्वाचाच घात करते, असे निर्भीडपणे सांगितले. पाच वर्षांनी वूस्टर येथे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल याने बालशिक्षिकांचा उन्हाळी वर्ग भरविला आणि देणग्यांचे ठोकळे बालकांच्या अपक्व स्नायूंना फार बारीक पडतात असे सांगताच वर्गातील बहुतेक बायका उठून चालत्या झाल्या. ब्रायन आणि हिल मात्र शेवटपर्यंत बसून राहिल्या.

अशा वातावरणात, १८९२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय किंडरगार्टन संघाने १९०३ मध्ये मतभेदांची छाननी करण्यासाठी समिती नेमली. आरंभी ती पंधरा सभासदांची होती, पुढे एकोणिसांची झाली, आणि याच संख्येने ती इतिहासात ओळखली जाते. दोन्ही पक्षांना तीत जाणीवपूर्वक स्थान दिले होते. जुन्या पक्षाची धुरीण सुसान ब्लो. तिने १८७३ साली सेंट लुईस येथे शिक्षणाधिकारी विल्यम हॅरिस याच्या पाठिंब्याने अमेरिकेतील पहिले यशस्वी सार्वजनिक किंडरगार्टन उघडले होते, हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा तिचा व्यासंग गाढ होता, आणि वादात तिच्यासमोर उभे राहणे सोपे नव्हते. नव्या पक्षाची पॅटी हिल, वयाने पंचवीस वर्षांनी लहान. या दोघींना न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात एकाच विषयावर एकत्र व्याख्याने देण्यास बोलाविले गेले आणि विद्यार्थिनींनी एकाच व्यासपीठावरून दोन्ही बाजू ऐकल्या, ही गोष्ट त्या महाविद्यालयाच्या चालकांना भूषणावह आहे.

समितीचा ग्रंथ १९१३ साली निघाला. पहिले आणि सर्वांत प्रदीर्घ निवेदन ब्लोचे, दुसरे हिलचे, तिसरे, दोहोंत काही समन्वय साधू पाहणारे, शिकागोच्या एलिझाबेथ हॅरिसन यांचे. ब्लोचे म्हणणे थोडक्यात असे की बालकाच्या तात्कालिक लहरीवर साधनांची निवड सोपविली तर शिक्षणास दिशाच उरत नाही. मानवजातीने कष्टाने मिळविलेले श्रेष्ठ विचार रूपबद्ध करून क्रमाने मुलापुढे ठेवणे हेच शिक्षकाचे कार्य होय. हिलचा रोख निराळा होता: साधन चांगले की वाईट हे त्याच्या तत्त्वज्ञानावरून ठरवू नये, ते वापरताना मूल काय करते, कशात रमते, कुठे अडते आणि सोबत्यांशी कसे वागते यावरून ठरवावे. आज विजयी पक्षाच्या दृष्टीने इतिहास लिहिला जात असल्यामुळे ब्लोस हटवादी ठरविण्याचा शिरस्ता पडला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. खेळण्यामागे काही विचार असावा आणि मुलांना आवडले एवढ्याने ते वर्गात ठेवण्यास पात्र ठरत नाही, हा तिचा आक्षेप खोडून काढणे हिललाही पुरते साधले नाही. समितीची थोरवी मी यात मानतो की तिने मखलाशी करून खोटे एकमत प्रसिद्ध केले नाही. कोणी कोणत्या निवेदनाखाली सही केली ते स्पष्ट छापले.

प्रत्यक्ष निकाल मात्र मेजावर नव्हे तर जमिनीवर लागला. हिलने मोठे ठोकळे तयार करविले, इतके मोठे की खाचांचे खांब आणि फळ्या जोडून उभारलेल्या घरात मुलांना शिरता यावे. असा ठोकळा एकट्याने उचलणे कठीण, म्हणून दुसऱ्याची मदत मागावीच लागे. सहकार्याचा पाठ देण्यासाठी शिक्षिकेस तोंड उघडावे लागत नसे. हे ठोकळे पाहूनच कॅरोलाइन प्रॅट हिने पुढे मेपलचे आपले प्रमाणबद्ध ठोकळे बेतले, जाडी, रुंदी आणि लांबी एकास दोनास चार या प्रमाणात. ते आजही जगभरच्या बालवर्गांत आढळतात. टीचर्स कॉलेजच्या होरेस मॅन शाळेत तर हिलच्या मार्गदर्शनाखाली शिक्षिकांनी मुलांच्या वर्तनाच्या नोंदी ठेवून, एकत्र बसून, कोणत्या उद्योगातून कोणती सवय लागते याचा तपशील जुळविला आणि १९२३ साली त्यावरून सिद्ध झालेला अभ्यासक्रम ग्रंथरूपाने दिला.

आपल्याकडे हाच प्रश्न पुढे निराळ्या अंगाने उभा राहिला, कारण येथे तत्त्वज्ञानाच्या आधी पैशाचा विचार करणे प्राप्त होते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास काम केलेल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी असलेल्या ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरी पद्धती आत्मसात केली होती. परंतु १९४५ साली बोर्डीस अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला तेव्हा मॉन्टेसरीचे महागडे संच खेड्यात आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही, हे त्यांना कळून चुकले. मग प्रत्येक साधनाची नव्याने झडती सुरू झाली: यातून मूल नेमके काय शिकते, आणि तेच शिंपले, खडे, बिया, पाने यांतून शिकता येईल काय? मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावयाची, आणि ते गुरे राखावयास गेले असेल तर कुरणात, असे ठरल्यावर साधनांच्या कसोटीत आणखी एका कलमाची भर पडली. ते वाहून नेता आले पाहिजे. आणि हरवले तर तेथल्या तेथे, ओढ्याकाठी वा झाडाखाली, दुसरे मिळाले पाहिजे.