रामशास्त्री प्रभुणे

रामशास्त्री प्रभुणे (जन्म : अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, क्षेत्र माहुली, जि. सातारा; मृत्यू : २५ ऑक्टोबर १७८९) हे पेशवाईतील मुख्य न्यायाधीश व धर्मशास्त्राचे पंडित होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते सरकारी सेवेत आले आणि सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत निधन पावले. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल त्यांनी प्रत्यक्ष सत्ताधारी रघुनाथरावांना दोषी ठरविले. मराठीत निःस्पृह न्यायाला ‘रामशास्त्री बाणा’ म्हणतात, तो याच निर्णयामुळे.

जन्मस्थान व शिक्षण

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी वेण्णा नदी जावळी खोऱ्यातून मेढ्यावरून वाहत येते आणि साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णेला मिळते. या संगमावरचे गाव म्हणजे क्षेत्र माहुली. साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळात माहुलीला तीर्थक्षेत्र म्हणून मोठे महत्त्व होते. राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्याही येथे आहेत. अशा शास्त्री-पंडितांच्या गावी जन्मूनही रामशास्त्र्यांचे बालपण विद्येवाचून गेले. लहानपणीच पोरके झाल्यामुळे त्यांनी साताऱ्यातील अनगळ या सावकारांच्या घरी चाकरी धरली.

तेथील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता मुलाची नजर समोरच्या माणसाच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली व पाणी भलतीकडेच सांडू लागले. असली मोती विद्येने किंवा पराक्रमाने मिळतात, अशा अर्थाचे बोल त्याला ऐकावे लागले आणि ते मनाला लागून त्याने काशीची वाट धरली. आख्यायिकेला कागदाचा आधार शोधण्यात अर्थ नाही. मात्र मोठ्या वयात काशीस जाऊन त्यांनी अध्ययन केले, यावर बहुतेक चरित्रकारांचे एकमत आहे. त्यांचे गुरू म्हणून बाळंभट्ट पायगुंडे यांचे नाव परंपरेने सांगितले जाते. ‘मिताक्षरा’ या ग्रंथावरील ‘बाळंभट्टी’ ही टीका पायगुंडे घराण्यातील असून स्त्रियांच्या वारसाहक्काबाबतच्या तिच्या उदार मतांसाठी ती ओळखली जाते.

न्यायाधीशपद

१७५१ मध्ये रामशास्त्री पुण्यात पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले. १७५९ मध्ये बाळकृष्णशास्त्री यांच्या मृत्यूनंतर त्यांची मुख्य न्यायाधीशपदी नेमणूक झाली.

त्या काळचे न्यायदान आजच्या न्यायालयांसारखे नव्हते. गावात पाटील, परगण्यात मामलेदार, त्यांच्यावर सरसुभेदार आणि शेवटी पुण्याचे न्यायाधीश अशी चढती रचना होती. तरी प्रत्यक्ष निवाडा बहुधा पंचायतच करी. वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी लिहून घेतल्या जात. पंचांचा निर्णय मान्य राहील असा राजीनामा दोघांकडून घेऊन जामीन मागितले जात आणि अखेरीस निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. कागद व साक्षी यांनी निर्णय होईना, तेव्हा नदीत उभे राहून शपथ घेणे किंवा दिव्य करणे हा मार्ग उरे. आधारग्रंथ म्हणून ‘मिताक्षरा’ व नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ यांचा उपयोग होत असे. परंतु वतनाच्या तंट्यात गावाची वहिवाट व जुने महजर यांनाच अधिक वजन असे.

या व्यवस्थेत न्यायाधीशाच्या हाती स्वतःची अशी शिबंदी नव्हती. त्याला नेमणारा पेशवा, त्याला दूर करणारा पेशवा आणि त्याचा निकाल अंमलात आणणाराही पेशवाच. राज्यकर्त्यापासून न्यायाधीशाला संरक्षण देणारा कोणताही लेखी नियम नव्हता. रामशास्त्र्यांचा अधिकार त्यांच्या विद्वत्तेवर आणि लोकांच्या विश्वासावर उभा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचे महत्त्व कळत नाही.

माधवराव आणि रामशास्त्री

थोरले माधवराव १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत न्यायखात्याला जी प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय पेशवे आणि न्यायाधीश या दोघांचेही आहे. दोघांच्या संबंधांविषयीचा एक प्रसंग ग्रँट डफ यांनी नोंदविला आहे. तरुण माधवराव जपध्यानात अधिकाधिक वेळ घालवू लागले होते. एकदा रामशास्त्री कामानिमित्त गेले असता पेशवे मौन धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी काशीस जाण्यासाठी निरोप मागितला. माधवरावांनी जपाचे समर्थन केले, तेव्हा शास्त्र्यांनी त्यांना सरळ सांगितले की, ब्राह्मणाचा आचारच पाळावयाचा असेल तर राज्य सोडून आपल्याबरोबर गंगातीरी चलावे. राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे हित हेच अनुष्ठान मानावे. माधवरावांनी तो जप सोडला. धर्मशास्त्राच्या पंडितानेच कर्मकांडापेक्षा राजधर्म वरचा ठरवावा, ही या प्रसंगातील विशेष गोष्ट होय. एरवी अशा तक्रारी कारभारी करतात.

नारायणराव वधाची चौकशी

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊर येथे वारले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव हे त्या वेळी शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना ठार मारले. सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे होत. त्यानंतर रघुनाथराव स्वतः पेशवे झाले.

अशा स्थितीत चौकशीचे काम रामशास्त्र्यांनी हाती घेतले. ज्याच्या नावाने दरबार भरत होता, त्याच्याच दिशेने पुरावा जात होता. ग्रँट डफ यांच्या वृत्तांतानुसार सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी गारद्यांना दिलेला लेखी हुकूम शोधून काढला. नारायणरावांना ‘धरावे’ असा मूळ मजकूर होता, तो ‘मारावे’ असा बदललेला होता. हा बदल आनंदीबाईंनी केला असा समज रूढ असून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. अक्षर कोणी बदलले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुतण्याला धरण्याचा हुकूम मात्र चुलत्याचाच होता आणि रामशास्त्र्यांनी बोट ठेवले ते नेमके यावर. चौकशीत दोषी ठरलेल्यांची संख्या पन्नासच्या घरात होती. त्यांत गारद्यांखेरीज वाड्यातील व दरबारातील माणसेही होती.

रघुनाथरावांनी पकडण्यापुरता हुकूम दिल्याचे मान्य करून प्रायश्चित्त विचारले, तेव्हा या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे शास्त्र्यांनी सांगितले. आपण सत्तेवर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून ते न्यायाधीशपद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

निकाल अंमलात आला नाही. येऊ शकतही नव्हता. परंतु त्याचा राजकीय परिणाम दूरवर झाला. सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले, त्याला या निर्णयाने नैतिक आधार मिळाला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या मागे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांचा पेशवेपदावरील दावा उरला नाही. त्यांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध उद्भवले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगावी आले व पुढच्याच वर्षी वारले.

पुन्हा न्यायासनावर

बारभाईंचा अंमल बसल्यावर रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. पानिपतात नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असा दावा करणाऱ्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणात मोठा दंगा माजविला होता. त्याला पकडून पुण्यास आणल्यावर जी चौकशी झाली, तिच्यात रामशास्त्र्यांचा सहभाग होता. तोतयाला त्याच वर्षी देहदंड झाला. मृत्यूपर्यंत रामशास्त्री पदावर होते. त्यांच्यानंतर हे काम अय्याशास्त्री यांच्याकडे आले.

आख्यायिका व वस्तुस्थिती

रामशास्त्र्यांच्या साधेपणाविषयी अनेक गोष्टी सांगितल्या जातात. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा नेम होता, असे ग्रँट डफ यांनी लिहिले आहे. पेशव्यांच्या वाड्यातून दागिन्यांनी मढून आलेल्या पत्नीला, ही आपल्या घरची बाई नव्हे, म्हणून त्यांनी दारातच अडविले, अशी एक कथा आहे. दुसरी श्रावणमासातील दक्षिणेची. रमण्यात त्यांचे बंधू आले असता नाना फडणीसांनी त्यांना अधिक रक्कम देण्याचे सुचविले. शास्त्र्यांनी इतरांइतकीच दक्षिणा दिली आणि भावाचा सत्कार स्वतःच्या पैशातून घरी केला. या कथांच्या तपशिलात पाठभेद फार आहेत. शालेय पुस्तकांतून व कीर्तनांतून त्या फिरत राहिल्याने तसे होणे स्वाभाविकच आहे.

ग्रँट डफ हे १८१८ नंतर साताऱ्यास राजकीय प्रतिनिधी होते. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या कारभाराविषयी एरवी कठोर लिहिणाऱ्या या लेखकाने रामशास्त्र्यांबद्दल मात्र मनापासून आदर व्यक्त केला आहे.

साहित्य व चित्रपट

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या माधवरावांवरील कादंबरीत रामशास्त्र्यांची व्यक्तिरेखा आहे. त्याआधी, १९४४ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. त्यात शीर्षक भूमिका गजानन जागीरदार यांनी केली होती व दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. बालपणीचे रामशास्त्री अनंत मराठे यांनी साकारले.