सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग (बर्कली)

सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या बर्कली शहरातील एक संस्था आहे. अपंग व्यक्तींना रुग्णालयात किंवा आश्रमगृहात न राहता स्वतःच्या घरी, स्वतःच्या निर्णयाने जगता यावे यासाठी स्थानिक पातळीवर साहाय्य पुरवणे हे तिचे कार्य होय. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वतंत्र जीवन चळवळीचे उगमस्थान मानली जाते.

पार्श्वभूमी

संस्थेच्या उभारणीत एड रॉबर्ट्स (१९३९–१९९५) यांचा मोठा वाटा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाल्याने त्यांचे मानेखालील जवळजवळ संपूर्ण शरीर लुळे पडले होते व श्वसनासाठी त्यांना लोह-फुप्फुस या यंत्राचा आधार घ्यावा लागे. ते नोकरी करण्यास असमर्थ आहेत, असे कारण देऊन राज्याच्या पुनर्वसन विभागाने त्यांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य नाकारले. हा निर्णय पुढे बदलावा लागला. १९६२ मध्ये त्यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्यांचे अवजड यंत्र वसतिगृहात मावण्याजोगे नसल्यामुळे त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली. पुढे तेथे इतर अपंग विद्यार्थीही राहू लागले. हा गट स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणवून घेई. त्यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थी नसलेल्या शहरवासीयांकडूनही मदतीची मागणी होऊ लागल्याने स्वतंत्र संस्थेची गरज भासली.

कार्यपद्धती

घरकामासाठी व वैयक्तिक शुश्रूषेसाठी मदतनीस मिळवून देणे, चाकखुर्चीची दुरुस्ती, राहण्याजोगे घर शोधणे, शासकीय लाभांविषयी सल्ला आणि समान अनुभव असलेल्या व्यक्तीकडून समुपदेशन या संस्थेच्या आरंभीच्या प्रमुख सेवा होत. मदतनिसाची निवड, कामाची वेळ व पद्धत अपंग व्यक्तीनेच ठरवावी, हे यामागील मुख्य तत्त्व आहे. या विचारानुसार स्वातंत्र्य म्हणजे प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करणे नव्हे, तर आपल्या जीवनाविषयीचे निर्णय स्वतः घेणे होय. घराबाहेर पडता येत नसेल तर घरातील साहाय्य अपुरे ठरते, म्हणून पदपथांना उतार असावेत यासाठीही बर्कलीतील कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला.

प्रभाव

ज्या विभागाने रॉबर्ट्स यांना असमर्थ ठरवले होते, त्याच विभागाच्या संचालकपदी १९७५ मध्ये त्यांची नेमणूक झाली. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने केंद्रीय निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली होती, परंतु त्याचे नियम रखडले होते. त्यासाठी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शासकीय इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या आंदोलन झाले. त्यात संस्थेशी संबंधित ज्युडिथ ह्यूमन व किटी कोन अग्रभागी होत्या. त्याच महिन्यात नियमांवर स्वाक्षरी झाली. १९७८ च्या कायदादुरुस्तीने अशा केंद्रांसाठी केंद्रीय निधीची तरतूद केली व ती देशभर पसरली. या निधीवर चालणाऱ्या केंद्रांच्या नियामक मंडळात आणि कर्मचाऱ्यांत अपंग व्यक्तींचे बहुमत असणे आवश्यक असते.

अपंग व्यक्तींना अकारण संस्थांत ठेवणे हा भेदभाव असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'ओल्मस्टेड' खटल्यात दिला. तथापि मदतनिसांचे वेतन बव्हंशी सार्वजनिक निधीवर अवलंबून असल्यामुळे त्यातील कपातीचा थेट परिणाम अपंग व्यक्तींच्या घरी राहण्याच्या शक्यतेवर होतो.

भारतातील संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्ती हक्क करारातील अनुच्छेद १९ समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मान्य करतो. भारताने हा करार २००७ मध्ये अनुसमर्थित केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ मध्ये समाजात राहण्याच्या हक्काचा समावेश असून वैयक्तिक साहाय्यासह विविध सेवा उपलब्ध करण्यासाठी शासनाने प्रयत्नशील राहावे, असे म्हटले आहे.