सान क्लेमेंतेच्या तळघरात

विद्यार्थिदशेत आम्ही रोमला गेलो, तेव्हा मनाशी एक बेत होता. ख्रिस्ती धर्माचा इतिहास पुस्तकांत वाचला. आता तो दगडांत वाचायचा. त्या कामी सेंट पीटरच्या भव्य घुमटापेक्षा कलोसियमजवळचे सान क्लेमेंते हे लहानसे चर्चच आमच्या अधिक उपयोगी पडले. वरचे चर्च बाराव्या शतकातले. जिना उतरावा तो चौथ्या शतकातले दुसरे चर्च लागते. आणखी खाली गेले की प्राचीन रोमन इमारती आणि मिथ्र देवाचे ठाणे! १८५७ साली जोसेफ मुलूली या आयरिश धर्मगुरूंनी उत्खनन आरंभले, तोवर ही सारी सृष्टी मातीखाली गडप होती.

मधल्या मजल्यावर एका भिंतीपाशी आम्ही बराच वेळ खिळून राहिलो. तेथे अकराव्या शतकाच्या अखेरीचे एक चित्र आहे. सिसिन्नियस नावाचा धनी संत क्लेमेंतला ओढून नेण्याचा हुकूम सोडतो आणि भ्रम पडलेले नोकर संत समजून एक खांबच ओढीत असतात. गंमत अशी, की संताचे शब्द लॅटिनमध्ये आहेत आणि धन्याची शिवी रस्त्यावरच्या बोलीत! इटालियन लोकभाषेच्या अगदी जुन्या लेखांत याची गणना होते. म्हणजे संताच्या मुखी लॅटिन, आणि लोकभाषेच्या वाट्याला शिवी.

पण याच चर्चमध्ये ८६९ साली संत सिरिल यांना पुरले. स्लाव लोकांसाठी त्यांनी लिपी घडविली आणि पूजाविधी त्यांच्या भाषेत आणला. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषांत व्हावी, असे म्हणणाऱ्यांशी ते वाद घालीत. पोपने त्यांना मान्यता दिली; पुढे दुसऱ्या पोपने ती काढून घेतली. रोमन पंथाच्या पूजाविधीत लोकभाषांना मोकळा वाव मिळायला १९६३ साल उजाडावे लागले.

हे ऐकून आपल्याला १२९० सालची ज्ञानेश्वरी आठवली असेल. आम्हांला आणखी एक माणूस आठवला. रोममध्येच जेझुइट संघात दाखल झालेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला. १६१६ साली राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ते मराठी ओव्यांत! हेतू धर्मप्रसाराचाच होता, आणि त्या काळच्या गोव्यात देवळेही पाडली गेली होती. हे विसरून चालणार नाही. तरीही या परक्याने आपल्या भाषेची थोरवी मनापासून गायिली. उलट १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला.

लोकांची भाषा शिवीपुरती ठेवायची, की तीत आपले सर्वांत पवित्र ते बोलायचे, हा झगडा एकट्या रोमचा नव्हे. सान क्लेमेंतेचा जिना चढून आम्ही पुन्हा उन्हात आलो, तेव्हा परधर्माचा अभ्यास करायला निघालेले आम्ही आपल्याच ओवीचे मोल शिकून परतत होतो.