सागरोबाचा डोंगर

उंच जागा दिसली की तिथं देव असतोच, ही आपल्याकडची जुनी रीत. जोतिबा घ्या, शिखर शिंगणापूर घ्या. जपानचा फुजी पर्वतही असाच देवाचा. पांढऱ्या वस्त्रातले यात्रेकरू तो चढत. बायकांना मात्र शिखरावर जायची मोकळीक १८७२ साली मिळाली. पुढं वॉल्टर वेस्टन नावाच्या इंग्रज मिशनऱ्याच्या लेखनानं, निव्वळ हौसेखातर डोंगर चढण्याची गोडी तिकडं वाढली. १९०५ मध्ये जपानी गिर्यारोहकांची संस्थाही निघाली. आता गर्दी इतकी, की २०२४ पासून यामानाशीच्या वाटेवर शुल्क आहे आणि दिवसाला चार हजारच माणसं सोडतात.

आपल्या कुपवाडकरांना यासाठी जपान गाठायला नको. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी माधवनगर, पलूस, किर्लोस्करवाडी असं पुढं गेलं की देवराष्ट्रे लागतं. यशवंतराव चव्हाणांचं हे आजोळ; १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म इथलाच. गावाजवळ सागरेश्वराचं देऊळ आहे. एक मोठं, आणि भोवती लहान लहान देवळांची दाटी. लोक त्याला आपुलकीनं सागरोबा म्हणतात. श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

गावाच्या नावावरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात 'देवराष्ट्र' येतं, तिथल्या कुबेर राजासह. काही जुन्या अभ्यासकांनी ते महाराष्ट्राशी जोडलं होतं. पण आंध्रातल्या विशाखापट्टणम भागातल्या ताम्रपटांतही ते नाव सापडलं, आणि बहुतेक इतिहासकार आता ते तिकडंच मानतात. आपल्या देवळांचं मोल त्यानं काही कमी होत नाही. सम्राटाचं नाव जोडलं तरच गाव मोठं, असं कुठं आहे?

देव होता, पण झाडी राहिली नव्हती. चराई आणि जळणासाठीची तोड यांनी डोंगर बोडका झाला होता. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी हा डोंगर पुन्हा हिरवा करायचा ध्यास घेतला. लोकांना समजावणं, सरकारदरबारी खेटे घालणं, रोपं जगवणं, हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. बाकीच्या अभयारण्यांत जंगल आधी असतं आणि पाटी नंतर लागते. इथं माणसांनी जंगल उभं केलं आणि हरणंही आणून सोडली. चितळ, सांबर, काळवीट आज तिथं दिसतात. बारमाही ओढा नाही, म्हणून पाणवठे करावे लागले.

वर जाणाऱ्या वाटेनं पावसाळ्यात चालावं. कड्याच्या काठावर कमळभैरवाचं देऊळ आहे, काहीसं खडकातच कोरलेलं. आत शिरायची वाट अरुंद आणि अंधारी. किर्लोस्कर पॉइंटवर उभं राहिलं की खाली कृष्णेचं वळण आणि दूरवर पसरलेला ऊस. एका बाजूला नदीकाठची श्रीमंती, दुसऱ्या बाजूला खानापूरकडचं दुष्काळाच्या सवयीचं माळरान. हे दोन्ही एकदम दाखवणारी जागा जिल्ह्यात क्वचितच असेल.

पण हे देखणेपण फुकटात मिळालेलं नाही, आणि त्याची किंमत आपण पर्यटक भरत नाही. हरणं वाढली, जंगल तेवढंच राहिलं. कुंपण कुठं मोडलं की कळप बाहेर पडतात, आणि पायथ्याच्या शेतकऱ्याचं उभं पीक रातोरात फस्त होतं. भरपाईचे अर्ज, पंचनामे, हेलपाटे हे ओघानं आलंच. ज्या गावांनी डोंगराची चराई सोडली, त्यांच्याच रानात हरणं चरतात. हा हिशेब मला तरी न्यायाचा वाटत नाही. प्रवेशशुल्क आपण कुरकुर न करता द्यावं; पण कुंपणाच्या डागडुजीला आणि भरपाईला पैसे वेळेवर मिळतात का, हेही वनखात्याला विचारावं. फुजीवर शुल्क घेतात ते वाट आणि चढणारा दोघांच्या सुरक्षेसाठी. सागरोबाला रखवाली लागते ती डोंगराची, आणि डोंगराखालच्या शाळूचीसुद्धा.