स्वस्त जमीन, महाग संसार

1862 च्या होमस्टेड कायद्यान्वये अवघ्या 18 डॉलरांच्या सरकारी फीवर आणि पाच वर्षांच्या अखंड वहिवाटीच्या अटीवर 160 एकरांची मालकी मिळत असल्यामुळे, नेब्रास्कातील कस्टर परगण्यात जी निर्धन कुटुंबे आली, त्यांना निर्वाहाचा खरा खर्च दरखास्त मंजूर झाल्यानंतरच उमगला. त्या वृक्षहीन मुलखात लाकूड परवडेना, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने कापून तिचे चिरे रचून घरे उभारली गेली. चुलीत गोवऱ्या जळत, आणि पठारावर पाण्यासाठी शेकडो फूट खोल विहीर खणावी लागे. 1886 पासून या वस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या सॉलोमन बुचरच्या एका चित्रात, मातीचे घर पूर्वेकडील आप्तस्नेह्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून, एका कुटुंबाने पायपेटीच अंगणात आणून ठेवलेली दिसते. त्या कुटुंबाचा स्वाभिमान मला कोणत्याही जमाखर्चाहून अधिक बोलका वाटतो. 1894 च्या अवर्षणाने अनेकांना स्थलांतरास भाग पाडले. नेब्रास्काचेच सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी पुरस्कारिलेल्या 1936 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतघरांत वीज पोहोचू लागली, श्रम हलके झाले. तथापि यंत्रांमुळे शेते विस्तारत आणि माणसे घटत गेली, आणि आज परगण्याची लोकसंख्या 1920 च्या निम्म्याहूनही कमी आहे.