देन्शवाईची कबुतरे

आमच्याकडील कित्येक देवळांच्या तळीत मासे असतात. ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात काढला तर दोन दिवस युक्तिवाद करता येईल; परंतु गावात तो प्रश्न उद्भवतच नाही. बाहेरचा मनुष्य गळ घेऊन काठावर बसला, तर आधी त्याला समजावून सांगतात. न ऐकल्यास दटावतात. आणि तरीही तो उठला नाही, तर पुढे काय होईल हे निराळे सांगावयास नको. परक्या शिकाऱ्याशी गावाची वागणूक बहुधा याच तीन पायऱ्यांनी चालते. दुर्दैव असे की, न्यायासनापुढे पोहोचते ती एकटी तिसरी पायरी. पहिल्या दोहोंची नोंद कोठेच राहत नाही. याचे जितके ढळढळीत उदाहरण इजिप्तमधील देन्शवाई या खेड्याने घालून दिले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी घालून दिले असेल.

देन्शवाई हे नाईल नदीच्या मुखाकडील सुपीक सपाटीत, मनूफिया प्रांतात वसलेले शेतकऱ्यांचे गाव. कबुतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवळाच्या शिखरावर बसणारे पारवे येतात. ते कोणाचेच नसतात. तेथील प्रकार निराळा. इजिप्तमधील शेतकरी मातीचे उंच मनोरे बांधून त्यांत कबुतरे पाळतो. त्यांची पिले तो खातो व विकतो, आणि त्यांची विष्ठा खत म्हणून शेतात घालतो. आपल्याकडे कोंबड्यांचे खुराडे आणि उकिरडा मिळून जे काम करतात, ते तेथे कबुतरांचा एकटा मनोरा करतो. पाखरे दिवसा रानात चरावयास जातात आणि संध्याकाळी घरी परततात, एवढाच काय तो फरक.

त्या काळी इजिप्त नावाला तुर्की सुलतानाच्या सार्वभौमत्वाखाली होता. प्रत्यक्षात १८८२ पासून तेथे इंग्रजी फौज ठाण मांडून होती, आणि राज्याची सूत्रे लॉर्ड क्रोमर यांच्या हाती होती. हे क्रोमर पूर्वाश्रमीचे एव्हलिन बेरिंग; १८८० ते १८८३ या काळात हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री म्हणून ते आपल्या पूर्वजांच्या परिचयाचे होते. फौजेतील अधिकाऱ्यांना कबुतरांची शिकार हा कूच करतानाचा सोपा विरंगुळा वाटे. देन्शवाईत यापूर्वीही अशी शिकार झाली होती आणि गावकऱ्यांनी आपली नाराजी कळविली होती. पहिल्या दोन पायऱ्या म्हणतात त्या ह्याच.

१३ जून १९०६ रोजी कैरोहून अलेक्झांड्रियाकडे निघालेल्या तुकडीतील पाच अधिकारी बंदुका घेऊन गावात आले. परिसरातील एका बड्या जमीनदाराचे त्यांना निमंत्रण होते. गावचा पाटील, ज्याला तिकडे उमदा म्हणतात, तो त्या वेळी गावात नव्हता. म्हणजे पाहुण्यांना बोलावणे होते ते मोठ्या घरचे. ज्यांची पाखरे मारावयाची, त्यांना कोणी विचारले नव्हते. दिवस गव्हाच्या मळणीचे होते. शिकार सुरू झाली आणि थोड्याच वेळात एका खळ्याला आग लागली. ती बंदुकीमुळे लागली अशी गावाची समजूत झाली. लोक धावले, एका अधिकाऱ्याच्या हातची बंदूक हिसकावू लागले, झटापटीत बार उडाले. एक स्त्री व आणखी काही गावकरी जखमी झाले. ती स्त्री मेली असे समजून गाव खवळले. अधिकाऱ्यांना लाठ्या व दगड यांचा मार बसला. त्यांतील दोघे कशीबशी सुटका करून घेऊन भर उन्हातून छावणीकडे धावत सुटले. पैकी कॅप्टन बुल वाटेत कोसळले व मरण पावले. डोक्याला इजा झाली होतीच. पण मृत्यूचे कारण उन्हाचा झटका, असे वैद्यकीय मत पडले. त्यांना मदत करू पाहणारा एक शेतकरी मागाहून आलेल्या सैनिकांच्या दृष्टीस पडला. हाच मारेकरी असे समजून त्यांनी त्याला जागीच ठार केले. त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

गावकऱ्यांनी हात उगारला तो गुन्हाच होता, हे या धंद्यातील मनुष्याने तरी नाकारू नये. परंतु गुन्हा कोणता? दंगा, मारहाण, फार तर गंभीर दुखापत. देशातल्या साध्या फौजदारी न्यायालयाने या कलमांखाली शिक्षा दिली असती, तर आज देन्शवाईचे नावही कोणाला ठाऊक नसते. पण खटला साध्या न्यायालयापुढे चाललाच नाही. इंग्रजी फौजेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी १८९५ च्या हुकुमाने एक खास न्यायमंडळ निर्माण केले होते. त्याला दंडसंहितेची मर्यादा नव्हती आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. पाच न्यायाधीशांपैकी तीन इंग्रज होते. अध्यक्षस्थानी बुत्रोस घाली हे इजिप्शियन मंत्री होते. सरकारच्या वतीने उभे राहिले ते इब्राहिम अल् हिल्बावी हे नामांकित इजिप्शियन वकील. आरोपी बावन्न. सारा प्रकार पूर्वनियोजित होता, असे सरकारपक्षाचे प्रतिपादन होते. आणि ते मान्य झाले. २७ जून रोजी निकाल लागला: चौघांना फाशी, दोघांना जन्मठेप, एकाला पंधरा वर्षे व सहा जणांना सात वर्षे कारावास, तिघांना एक वर्ष आणि पन्नास फटके, पाच जणांना नुसते पन्नास फटके. दुसऱ्याच दिवशी, आप्तेष्टांच्या डोळ्यांदेखत, गावातच फाशी आणि फटके यांची अंमलबजावणी झाली. फाशी गेलेल्यांत हसन महफूझ हा म्हातारा शेतकरी होता. बंदुकीने जखमी झालेल्या स्त्रीच्या नवऱ्याला जन्मठेप झाली. शिकारीच्या दिवसापासून फाशीच्या दिवसापर्यंत पंधरा दिवस लागले.

येथे कायद्याच्या अभ्यासकाला एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याची जी पाठ्यसंहिता झाली, तीत मधमाश्या, मोर व कबुतरे यांचा खास उल्लेख आहे. हे जीव स्वभावतः रानटी खरे. पण जोवर त्यांना घरी परतण्याची सवय आहे, तोवर ते पाळणाऱ्याचेच समजावेत, असा तो नियम. म्हणजे उडत्या कबुतराची मालकी ते कोठे उडत आहे यावरून ठरत नाही, ते कोठे परतणार आहे यावरून ठरते. युरोपातील विधिशास्त्राची मुळे ज्या संहितेत आहेत, तिच्यातला हा सिद्धांत. देन्शवाईत मात्र ज्याची पाखरे घरी परतली नाहीत, तो फिर्यादी झाला नाही. तो आरोपी झाला.

परिणाम व्हावयाचे ते झालेच. मुस्तफा कामिल यांनी फ्रेंच वृत्तपत्रांतून हा अन्याय जगापुढे मांडला. इंग्लंडात विल्फ्रिड ब्लंट व बर्नार्ड शॉ यांनी आपल्याच सरकारवर कोरडे ओढले. १९०७ मध्ये क्रोमर पायउतार झाले आणि १९०८ च्या जानेवारीत तुरुंगातील देन्शवाईकरांची मुक्तता झाली. १९१० मध्ये, तोवर पंतप्रधान झालेल्या बुत्रोस घालींची वर्दानी नावाच्या तरुणाने हत्या केली; त्याने सांगितलेल्या कारणांत देन्शवाई हे एक होते. वर्दानीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत इब्राहिम अल् हिल्बावी होते! ‘देन्शवाईचा जल्लाद’ हे नाव त्यांना चिकटले होते. ते पुढे जन्मभर सुटले नाही. वकील पक्षकार बदलू शकतो, पण केलेला युक्तिवाद परत घेता येत नाही, हे आमच्या व्यवसायाने त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

आपल्या देशातही छावणीतले गोरे सोजीर शिकारीला खेड्यांत शिरत, मोर मारीत आणि गावकऱ्यांशी त्यांचे तंटे होत. त्यांना आळा घालण्यासाठी शिकारीच्या पासांचे नियम करावे लागले. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि बंदूकवाल्या पाहुण्याची ती परंपरा कायद्यापुरती तरी संपली. पण परवाना कोणाचा, हा प्रश्न संपलेला नाही. वरून मिळालेला परवाना घेऊन येणारा आणि गावाची संमती घेऊन येणारा, हे दोन निरनिराळे पाहुणे होत. दुसऱ्याला गाव ओटीवर बसवून पाणी देते. पहिल्याला ते तीन पायऱ्यांनी उत्तर देते. आणि तिसरी पायरी येऊ द्यावयाची नसेल, तर न्यायाधीशाने व राज्यकर्त्याने पहिल्या पायरीवरच कान दिला पाहिजे. देन्शवाईत तेवढे घडले असते, तर कॅप्टन बुल वाचले असते, ते चार शेतकरी वाचले असते, आणि उन्हात कोसळलेल्या परक्याच्या मदतीला धावलेला तो बापडाही वाचला असता.