रॉय फ्रान्सिस : खेळाडूंचा वस्ताद

इंग्लंडच्या उत्तर भागांत, लँकेशायर आणि यॉर्कशायर या गिरण्यांच्या व खाणींच्या परगण्यांत, रग्बीचा एक स्वतंत्र पंथ नांदत आला आहे. त्याचा जन्म भाकरीच्या प्रश्नांतून झाला. शनिवारीं सामन्यासाठीं काम सोडणाऱ्या मजुराची मजुरी बुडे. ती भरून देण्यास खेळाच्या प्रतिष्ठित कारभाऱ्यांनीं नकार दिला, तेव्हां 29 ऑगस्ट 1895 रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांनीं आपली वेगळी चूल मांडली. 1906 सालीं संघांतील गडी पंधरांवरून तेरांवर आले, खेळाला वेग आला आणि पुढें ‘रग्बी लीग’ या नांवानें तो प्रसिद्धीस पावला. न्यायाच्या आग्रहांतून उभ्या राहिलेल्या या घरांत काळ्या वर्णाच्या माणसाला किती जागा होती, याचें उत्तर रॉय फ्रान्सिस याच्या चरित्रांत सांपडतें.

फ्रान्सिसचा जन्म 1919 सालीं वेल्समधील कार्डिफ येथें झाला आणि तो वाढला ब्रिनमावर या डोंगरावरील खाणकामगारांच्या गांवीं. त्याच्या तरुणपणीं मंदीनें दक्षिण वेल्सला ग्रासलें होतें. खाणी बंद पडत होत्या आणि धडधाकट माणसें रिकाम्या हातांनीं चौकांत उभीं असत. वेल्समध्यें पंधरा गड्यांची हौशी रग्बी म्हणजे जणूं गांवोगांवचा कुलाचार. पण पैसे घेऊन लीगचा खेळ खेळणारास तिचे दरवाजे कायमचे बंद होत. तरीहि पोटासाठीं अनेक तरुण उत्तरेची वाट धरीत. 1936 सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, फ्रान्सिसनेंहि ती धरली व तो विगन या नामांकित क्लबांत दाखल झाला. मैदानाच्या कडेनें वाऱ्यासारखें धांवावें आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून ‘ट्राय’ मिळवावी, हें त्याचें काम होतें.

परंतु विगनचा कारभार एका नव्या ऑस्ट्रेलियन व्यवस्थापकाकडे गेल्यावर फ्रान्सिसचें संघांतील स्थान डळमळीत झालें, आणि 1939 च्या आरंभीं त्याला बॅरो क्लबकडे जावें लागलें. लगेच महायुद्ध पेटलें. सैन्यांत तो कवायत व व्यायाम शिकविणारा सार्जंट झाला. माणसाचें शरीर कसें घडवावें आणि त्याचें मन कसें राखावें, याचा पहिला धडा त्याला बहुधा येथेंच मिळाला.

1946 सालीं ब्रिटनचा संघ ‘इंडॉमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेवरून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यास निघाला. फ्रान्सिस त्या वेळीं ऐन भरांत होता, पण त्याचें नांव यादींत नव्हतें. ऑस्ट्रेलियांतील वर्णद्वेषी निर्बंधांच्या भयानें त्याला मागें ठेवण्यांत आलें, असेंच या खेळाचे इतिहासकार मानतात. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर 1947 मध्यें, ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध तो ब्रिटनतर्फे खेळला. या देशाच्या लीग-संघांत खेळणारा तो पहिला काळा खेळाडू. त्यानें दोन ‘ट्राय’ केल्या, सामना जिंकला गेला, आणि तरीहि ब्रिटनतर्फे तो पुन्हां कधीं खेळला नाहीं. 356 सामन्यांत 229 ‘ट्राय’ हा त्याच्या कारकीर्दीचा हिशेब आहे. त्यापुढें एका सामन्याचा तो राष्ट्रीय मान फारच तोकडा वाटतो.

1949 सालीं तो हल या बंदराच्या शहरीं आला, आणि खेळतां खेळतांच तेथील संघाचा प्रशिक्षक झाला. ब्रिटनमधील धंदेवाईक खेळांत हें पद भूषविणारा पहिला काळा पुरुष म्हणून त्याची गणना होते. त्या काळीं प्रशिक्षण म्हणजे मैदानाला फेऱ्या मारावयास लावणें आणि सामन्याच्या दिवशीं ओरडणें, एवढाच बहुतेकांचा समज होता. फ्रान्सिसनें धांवण्याच्या वेगाचा शास्त्रशुद्ध सराव सुरू केला आणि सामन्यांचीं चलचित्रें घेऊन तीं खेळाडूंना दाखविलीं. पण त्याची खरी दृष्टि आणखी खोल होती. खेळाडूच्या घरीं काय चाललें आहे, याची तो विचारपूस करी. बाहेरगांवच्या सामन्यांस त्यांच्या बायकांनाहि येतां यावें म्हणून तो वाहनाची सोय करी. आपल्या आखाड्यांतील जाणता वस्ताद जसा पठ्ठ्याचा खुराक पाहतो तसा त्याच्या मनावरचा भारहि पाहतो. फ्रान्सिस त्याच जातीचा होता. 1956 आणि 1958 या दोन्ही सालीं हलनें इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें.

1961 सालीं कार्डिफचाच एक काळा तरुण, क्लाइव्ह सलिव्हन, हलमध्यें परीक्षा देण्यास आला. पहिल्या सामन्यांत त्याचें नांवहि गुप्त ठेवलें होतें. त्यानें तीन ‘ट्राय’ केल्या आणि क्लबनें त्याला तत्काळ करारबद्ध केलें. हाच सलिव्हन 1972 सालीं ब्रिटनचा कर्णधार झाला व त्यानें विश्वचषक जिंकला. फ्रान्सिसला जें दार अर्धेंच उघडलें होतें, तें त्याच्या हाताखालीं वाढलेल्या खेळाडूसाठीं सताड उघडलें.

1963 सालीं फ्रान्सिस लीड्स क्लबकडे गेला. 11 मे 1968 रोजीं वेम्ब्लीच्या मैदानावर, 87,100 प्रेक्षकांसमोर, लीड्स आणि वेकफील्ड यांच्यांत चॅलेंज कपाचा अंतिम सामना झाला. पावसानें मैदानाचें तळें झालें होतें. शेवटच्या क्षणीं वेकफील्डनें ‘ट्राय’ केली आणि गुण झाले 11 विरुद्ध 10. खांबांसमोरून चेंडू मारून दोन गुण घेणें एवढेंच उरलें होतें. पण डॉन फॉक्ससारख्या कसलेल्या खेळाडूचा नेम चुकला आणि कप लीड्सला मिळाला.

त्यानंतर 1969 व 1970 या वर्षीं फ्रान्सिस सिडनीच्या ‘नॉर्थ सिडनी’ क्लबाचा प्रशिक्षक होता. ज्या देशाच्या दौऱ्यांतून तो वगळला गेला होता, तेथेंच तो शिकवावयास गेला. पण तेथेंहि त्याला वर्णद्वेषाचे चटके बसले. परत आल्यावर त्यानें पुन्हां हल, पुन्हां लीड्स आणि शेवटीं ब्रॅडफर्ड येथें काम केलें. 1989 सालीं त्याचें निधन झालें.

2023 सालीं ब्रिनमावर गांवीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला. गांवानें आपल्या मुलाची आठवण जागविली, हें चांगलेंच झालें. तथापि त्याचें खरें स्मारक निराळें आहे. खेळाडू हा केवळ धांवणाऱ्या पायांचा जोड नसून त्याला घर आहे, मन आहे, मान आहे, हें आज सर्वत्र मान्य झालेलें तत्त्व त्यानें सत्तर वर्षांपूर्वीं आचरणांत आणलें. ज्याला स्वतःला पुरता मान मिळाला नाहीं, त्यानें तो दुसऱ्यांना हात आंखडतां न घेतां दिला. त्याच्या 229 ‘ट्राय’ एखाद्या दिवशीं लोक विसरतील. हें देणें मात्र विसरण्याजोगें नाहीं.